ट्यून केलेली छोटी टर्बो गाडी वर्षानुवर्षं टिकते का? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

आम्ही ठाण्यात छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या इंजिनांवर काम करतो. पोलो, वर्टस, आय२० एन लाइन, बलेनो आरएस, नेक्सॉन, इकोस्पोर्ट अशा गाड्यांचे मालक कासारवडवलीपासून पनवेलपर्यंत सगळीकडून जवळपास तेच प्रश्न पाठवत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ट्यूनिंग म्हणजे नक्की काय करतात? स्टेज १ आणि स्टेज २ मध्ये फरक काय?

इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये, कंपनीनं भरलेले तक्ते असतात. टर्बोनं किती बूस्ट, म्हणजे जास्तीचा हवेचा दाब, द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी टाकायचा, जास्तीत जास्त किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, होऊ द्यायचा, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. रिमॅप म्हणजे हे तक्ते बदलणं. गाडीतला एकही पार्ट न बदलता नुसता रिमॅप केला की त्याला स्टेज १ म्हणतात. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), वेगळा इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) बसवून त्यानुसार मॅप केला की स्टेज २. टर्बोच मोठा बसवला तर स्टेज ३.

या 'स्टेज'ना कुठलंही अधिकृत मानक नाही. एका ट्यूनरची स्टेज १ दुसऱ्याच्या स्टेज १ पेक्षा बरीच आक्रमक असू शकते. म्हणून 'माझी फक्त स्टेज १ आहे' एवढ्यावरून गाडी किती टिकेल ते सांगता येत नाही.

२. ट्यून केल्यावर इंजिनाचं आयुष्य कमी होतं का? खरं काय ते सांगा.

होतं. कंपनीनं इंजिनात जी शिल्लक ठेवलेली असते, त्यातलाच काही भाग तुम्ही वापरता. ती शिल्लक खराब पेट्रोल, मे महिन्यातली गरमी, लांबलेली सर्व्हिस आणि बेफिकीर ड्रायव्हर, या सगळ्यांसाठी मिळून ठेवलेली असते. त्यातली थोडी ट्यूनिंगमध्ये खर्च केली तर उरलेल्या बाबतीत तुम्हाला शिस्त पाळावी लागते. शिस्त पाळणाऱ्यांच्या गाड्या छान चालतात. 'ट्यून केली की लाखभर किलोमीटरच्या आत इंजिन खोलावं लागतंच' ही भीती खरी नाही.

लोक पॉवरच्या आकड्याला घाबरतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. ५,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळणारी जास्तीची पॉवर रोजच्या वापरात क्वचितच लागते. इंजिन खचतं ते १,५०० ते २,२०० आरपीएमवर मागितलेल्या जबरदस्त टॉर्कमुळे आणि बाहेर न पडलेल्या उष्णतेमुळे. म्हणून ट्यूनरला 'किती पीएस पॉवर देणार?' विचारण्याआधी 'टॉर्क किती आरपीएमपासून, किती वेगानं चढवणार?' हे विचारा. खालचा टॉर्क सौम्य ठेवून २,५०० च्या पुढे मोकळं सोडणारा मॅप चालवायला थोडा कमी झणझणीत वाटतो, पण आम्ही तोच सुचवतो.

३. माझ्या इंजिनाला कितपत वाढ झेपेल?

एक साधा हिशोब करा. टॉर्कला इंजिनाच्या लिटरनं भागा. पोलो जीटी टीएसआयच्या (टीएसआय म्हणजे फोक्सवॅगन गटाचं टर्बो पेट्रोल इंजिन) १.२ लिटर इंजिनाचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर, म्हणजे लिटरमागे साधारण १४६. नंतर २०२० मध्ये आलेल्या १.० टीएसआयचाही टॉर्क १७५ च, पण लिटरमागे १७५. ह्युंदाईच्या १.० टर्बोचा १७२. स्लाव्हिया, वर्टसमधल्या १.५ टीएसआयचा २५०, म्हणजे लिटरमागे १६७. टाटा नेक्सॉनच्या १.२ टर्बोचा १७०, म्हणजे लिटरमागे सुमारे १४२.

यावरून प्रत्येक पिस्टनवर मुळातच किती दाब आहे त्याचा अंदाज येतो. १.० लिटरचं तीन सिलिंडर इंजिन कंपनीतूनच बरंच ताणलेलं येतं. त्याला २३० न्यूटन मीटरवर नेलं की लिटरमागे २३० होतात. जुन्या १.२ टीएसआयला तोच टॉर्क दिला तर १९२ च होतात. म्हणून 'मित्राच्या पोलोला झेपलं, माझ्या पोलोला का नाही?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बॉनेटखालच्या इंजिनातच असतं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची बनावट प्रत्येक इंजिनाची वेगळी असल्यामुळे हा हिशोब शेवटचा शब्द नाही, पण सुरुवात इथून करावी.

रोज वापरायच्या १.० लिटर गाडीत मूळ टॉर्कच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं आमचं मत आहे.

४. हळू गाडी चालवूनही ट्यून केलेल्या गाडीचा पिस्टन तुटतो असं ऐकलं. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) छोट्या टर्बो इंजिनात आरपीएम कमी आणि लोड जास्त असताना कधी कधी स्पार्क पडण्याच्या आधीच मिश्रण पेट घेतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल आणि पेट्रोल मिसळून झालेला बारीकसा थेंब किंवा कार्बनचा सुटलेला कण त्याला कारण ठरतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब खाली रेटतो. नेहमीच्या नॉकिंगमध्ये (स्पार्कनंतर मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकतो) नॉक सेन्सर स्पार्कचं टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो. इथे स्पार्कचा संबंधच नसल्यामुळे टायमिंग मागे घेऊन काही साधत नाही. बाहेर ऐकू येतो तो एखादाच जोरदार ठोका, तोही म्युझिक चालू असेल तर लक्षात येत नाही.

अशा इंजिनातून काढलेला पिस्टन पहिल्या नजरेत धड वाटतो. माथ्यावर भोक नसतं, काही वितळलेलं नसतं, नेहमीची काजळी असते. पण पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या कडेवरून नख फिरवत नेलं की एका जागी नख अडतं. तिथला बोटाच्या पेराएवढा तुकडा आधीच सुटलेला असतो, फक्त रिंगांनी धरून ठेवलेला. रिंग काढली की तो हातात येतो. मालकाची तक्रार असते ती 'पिकअप कमी झालाय आणि ऑइल खातेय' एवढीच.

हे घडायला शर्यत लावावी लागत नाही. माजिवड्याचा किंवा ऐरोलीचा पूल चढताना गाडी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमवर आहे आणि तुम्ही गिअर न बदलता पाय दाबला, तेवढं पुरतं. ऑटोमॅटिक गाड्या मायलेजसाठी लवकर वरचा गिअर टाकतात, त्यामुळे डी मोडमध्ये हा धोका जास्त. चढावर एस मोड घ्या किंवा पॅडलनं एक गिअर खाली या. २,००० आरपीएमच्या खाली ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबायचा नाही, ही सवय कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा जास्त उपयोगी आहे. ऑइलचाही इथे मोठा वाटा आहे, त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

५. डीएसजी गिअरबॉक्स ट्यूनिंगमध्ये टिकेल का?

जुनी पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो टीएसआय आणि आताच्या १.५ टीएसआय ऑटोमॅटिक गाड्यांत ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचं नाव डीक्यू२००. त्याची टॉर्कमर्यादा २५० न्यूटन मीटर. पोलोचं १.२ इंजिन १७५ देतं, म्हणजे वर ७५ ची मोकळी जागा. १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० देतं. तिथे मोकळी जागा शून्य, आणि तुम्ही जे वाढवाल ते सगळं मर्यादेबाहेर. तरीही लोक १.५ ला ३०० पर्यंत नेतात आणि वर्षभर काही होत नाही म्हणून निर्धास्त राहतात. डीएसजी असलेल्या १.५ ला टॉर्क वाढवून घेऊ नका, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

या गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर आणि क्लच हलवणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक, भाग ट्यूनिंगशिवायही दुखणाईत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरायची मोहीम काढली होती. त्यामुळे पोलो डीएसजीमध्ये बिघाड झाला की लगेच मॅपला दोष देऊ नका, आधी निदान करून घ्या.

ड्राय क्लचला खरा त्रास होतो तो सरपटणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. घोडबंदर रोडवर गायमुखच्या अलीकडे गाड्या इंच इंच सरकतात, तेव्हा क्लच अर्धवट पकडून घासत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीला दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा. ह्युंदाईच्या ७ गिअरच्या डीसीटीलाही (तोही दोन क्लचचाच) हेच लागू. १.० टीएसआयच्या ६ गिअर ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी द्रवातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्याला ट्रॅफिकचा असा त्रास होत नाही.

मॅन्युअलमध्ये दुखणं सरळ असतं. चौथ्या गिअरमध्ये २,५०० वर पाय दाबला आणि आरपीएम वर गेला पण वेग वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय.

६. ऑइल कुठलं आणि किती किलोमीटरला?

गाडीबरोबरच्या माहितीपुस्तकात कंपनीनं दिलेलं मान्यतेचं मानक पाळायचंच. त्याशिवाय डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी हा दर्जा लिहिला आहे का ते पाहा. प्रश्न ४ मधलं आधीच पेट घेणं टाळण्याची चाचणी एपीआयनं २०१८ मध्ये एसएन प्लस या दर्जात आणली आणि मे २०२० पासून एसपीमध्ये ती आहेच. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे तो धोका वाढतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्याचा काही भाग मॅग्नेशियमनं बदललेला असतो. गॅरेजमधल्या ड्रमातलं सुटं ऑइल अशा इंजिनात घालू नका.

कंपनीची सर्व्हिस १५,००० किमीला असली तरी ट्यून केलेल्या गाडीचं ऑइल ७,५०० किमी किंवा सहा महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा बदला. ज्यांची गाडी रोज घर ते स्टेशन एवढीच जाते त्यांनी सहा महिन्यांचा नियम अजिबात मोडू नये. तीन-चार किलोमीटरमध्ये ऑइल नीट तापत नाही, पेट्रोल त्यात उतरत राहतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि वासात पेट्रोल जाणवलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका.

७. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर ट्यून केलेली गाडी चालवायची का? एक्सपी १०० (शंभर ऑक्टेनचं पेट्रोल) भरणं गरजेचं आहे का?

आधी मॅप कोणत्या पेट्रोलवर लिहिला ते ट्यूनरकडून लेखी घ्या.

इथेनॉलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला तोंड द्यायची क्षमता, जास्त आहे आणि ते सिलिंडरमध्ये वाफ होताना थंडावा देतं, त्यामुळे नॉकिंगच्या बाजूनं ई२० वाईट नाही. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० चं ऑक्टेन ९५ असल्याचं सांगितलं आहे. अडचण दुसरीकडे आहे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जाळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई२० जास्त सोडावं लागतं. ट्यूनिंगमुळे हवा आधीच वाढलेली असते. हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर आपल्या मर्यादेला पोचले की वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि बूस्टमध्ये लीन मिश्रण म्हणजे भट्टी. जुना मॅप ई१० च्या काळात लिहिलेला असेल तर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरमागचा पेट्रोलचा दाब) यांचा लॉग, म्हणजे गाडी चालतानाची नोंद, पुन्हा काढून घ्या. लॉग कसा काढायचा ते प्रश्न १७ मध्ये आहे.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांत रबरी पाइप आणि सील ई२० साठी बनलेले असतीलच असं नाही. इंजिन गरम असताना बॉनेट उघडून पेट्रोलचा वास येतो का ते अधूनमधून पाहा.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं तर त्यावर लिहिलेला मॅप असेल तरच फायदा दिसतो. आणि तसा मॅप असेल तर मग तेच भरावं लागतं. हे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळतं. कोकणात जाताना चिपळूणच्या पुढे ते मिळेल या भरवशावर गाडी ट्यून करू नका. रोजच्या गाडीसाठी साध्या पेट्रोलवर सुरक्षित चालणारा मॅपच घ्या.

८. मे महिन्यात ट्रॅफिकमधून बाहेर पडल्यावर गाडी ओढतच नाही. मॅप बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. गाडी उभी असताना रेडिएटरमधून वारा जात नाही, टर्बो आणि मॅनिफोल्डची धग बॉनेटखाली साठते आणि आत जाणारी हवा ६०-७० अंशांपर्यंत तापते. ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी टायमिंग मागे घेतो आणि बूस्ट कमी करतो. ट्यून केलेल्या गाडीत फरक जास्त जाणवतो, कारण वरून खाली येण्याचं अंतरच जास्त असतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मोकळं मिळाल्यावर चार-पाच मिनिटांत पिकअप परत आला तर सगळं ठीक आहे.

परत आलाच नाही तर १.० आणि १.२ टीएसआयवाल्यांनी एक गोष्ट तपासावी. या इंजिनांचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो आणि पाण्यानं थंड होतो. त्या पाण्यासाठी वेगळा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तो बंद पडला तरी इंजिनाचं तापमान नॉर्मलच दिसतं, फक्त इनटेकची हवा तापत राहते. असं असताना जास्त बूस्टचा मॅप हवा असेल तर आधी पंप बदला.

९. टर्बो थंड करण्यासाठी गाडी किती वेळ चालू ठेवायची?

शहरात घरी पोचताना शेवटचे एक-दोन किलोमीटर हळूच येतो, तेवढ्यात टर्बो निवतो. वेगळं थांबायची गरज नसते.

पुण्याला जाताना मात्र काळजी घ्या. खोपोलीपासून बोरघाट चढेपर्यंत इंजिन सलग लोडवर असतं. या छोट्या टर्बोंचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. लोणावळ्याला वर आल्या आल्या चहासाठी वळून लगेच इंजिन बंद केलं तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोक होतं. अनेक नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोत पाणी फिरवणारा पंप असतो, तरी घाटानंतर मिनिटभर आयडलवर ठेवाच. घाट उतरून परत येताना हा प्रश्न येत नाही, तेव्हा इंजिनावर लोड नसतोच.

सकाळी उलटं लक्षात ठेवा. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. त्याला आणखी पाच-सात मिनिटं लागतात, तोपर्यंत बूस्ट मागू नका.

१०. पावसाळ्यात ओपन एअर फिल्टर चालेल का?

आमचा सल्ला: नको. कंपनीच्या एअरबॉक्सचं तोंड उंचावर आणि आडोशाला असतं. बाहेरून बसवलेला 'कोल्ड एअर' इनटेक बऱ्याचदा बंपरच्या मागे खाली उतरवलेला असतो. वंदना टॉकीजजवळ किंवा कळंबोलीत गुडघाभर पाणी साचलं की समोरून गेलेल्या बसची लाट पुरते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून आणा. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर हा खर्च सहसा मिळत नाही. ॲड-ऑन असूनही प्रश्न १४ आड येऊ शकतो.

११. कार्बन क्लीनिंग खरंच लागतं का?

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात लागतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलनं धुतली जात नाही. क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ तिथे बसून कडक थर होतो. थंड गाडी सुरू करताना थरथरते, मिसफायर येतो. अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून हा थर साफ करतात. ५०-६० हजार किमीच्या आसपास एकदा कॅमेरा घालून पाहून घ्या आणि थर दिसला तरच साफ करा. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी व्हॉल्व्हची पाठ साफ होत नाही, कारण पेट्रोल तिथे पोचतच नाही.

टाटा नेक्सॉनच्या १.२ टर्बोत पोर्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच पडतं. त्या मालकांनी हा खर्च करू नये.

१२. ईसीयू न उघडता नुसता ट्यूनिंग बॉक्स लावला तर वॉरंटी राहते आणि धोकाही कमी, बरोबर?

दोन्ही चुकीचं. बॉक्स सेन्सरचे सिग्नल खोटे करून ईसीयूला फसवतो. खरा बूस्ट किती आहे हे ईसीयूला कळतच नाही, आणि ज्या संरक्षणांवर इंजिन अवलंबून असतं ती आंधळी होतात. वॉरंटीचं म्हणाल तर बॉक्स काढून ठेवला तरी तुटलेला पिस्टन आणि जळालेला क्लच आपली गोष्ट सांगतातच. करायचंच असेल तर नीट लिहिलेला रिमॅप करा.

१३. पॉप्स अँड बँग्स घालून घेऊ का?

नका घालू. पाय काढल्यावर फटाक्यांसारखा आवाज यावा म्हणून मुद्दाम उशिरा स्पार्क देऊन पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळतात. ती धग टर्बोच्या टर्बाइनला आणि कॅटला (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला) सोसावी लागते. कॅट आतून वितळतो आणि त्याचे तुकडे पुढचा रस्ता अडवतात. पाम बीच रोडवर रात्री दोन वाजता असे बार काढणाऱ्या गाड्यांमुळे नेरूळ, सीवूड्समधल्या लोकांची झोप उडते. आम्ही हे काम घेत नाही.

१४. आरटीओ, पीयूसी, इन्शुरन्स, वॉरंटी: कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅट काढलेला डाउनपाइप आणि मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट या दोन गोष्टी रस्त्यावर सगळ्यात आधी पकडल्या जातात. कॅट नसलेली गाडी प्रामाणिक पीयूसी केंद्रात पास होणार नाही.

एमएच ०४ असो, एमएच ४३ असो की एमएच ४६, नियम एकच आहे. 'पनवेलला कुणी विचारत नाही' असल्या सल्ल्यावर विसंबू नका.

इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल मोठ्या अपघातानंतर क्लेम नाकारायला कारण ठरू शकतो. तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर प्रकरण पैशापुरतं राहत नाही. वॉरंटी चालू असताना रिमॅप केला तर इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असंच धरा. स्टॉक फाइल (कंपनीचा मूळ मॅप) परत टाकली तरी ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यात किती वेळा नवी फाइल भरली, याची नोंद अनेक गाड्यांत राहते. वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

१५. डिझेल ट्यून करायला सोपं आणि सुरक्षित असतं ना?

स्विफ्ट डीडीआयएस, पोलो टीडीआय यांत नॉकिंगची भीती नसते, हे खरं. पण जास्त डिझेल म्हणजे जास्त धूर आणि एक्झॉस्टचं जास्त तापमान. मागून काळा धूर दिसत असेल तर मॅप वाईट आहे. बीएस६ गाडीत तोच धूर डीपीएफमध्ये (काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठतो आणि तो चोंदतो. डीपीएफ किंवा ईजीआर (जळका धूर थोडा परत इंजिनात सोडणारा भाग) काढून टाकणं बेकायदेशीर आहे, बघा प्रश्न १४.

१६. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टला वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो. तिचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं किंवा पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल बेल्टचं रबर खातं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइल प्रेशर पडतं. ट्यूनिंगआधी बेल्टची स्थिती पाहून घ्या. फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करायची घोषणा २०२१ मध्येच केली आहे, त्यामुळे जुन्या इकोबूस्टला ट्यून करण्यापेक्षा ते पैसे बेल्ट आणि कूलंट पाइपवर घाला.

१७. मॅप नीट आहे की नाही हे मला घरी कसं कळेल?

ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) लावायचा चांगला डोंगल आणि फोनवर लॉग घेणारं ॲप एवढं पुरतं. मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ५,००० पर्यंत एकदा पूर्ण पाय दाबा. शेजारी कुणाला तरी फोन धरायला बसवा. ट्रॅफिकमध्ये हे करू नका.

सगळ्यात आधी प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय ते पाहा. एक-दोन अंश इकडेतिकडे चालतं. एकाच सिलिंडरवर सतत चार-पाच अंश जात असेल तर थांबा. त्यानंतर रेल प्रेशर मागितलेल्या आकड्याला धरून आहे की वर जाताना पडतंय ते पाहा. इनटेकचं तापमान एका खेचीत किती वाढतं तेही नोंदवा. लॉग जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच रस्त्यावर घेतलेला लॉग शेजारी ठेवला की इंजिन कुठे चाललंय ते एका नजरेत कळतं. आमच्याकडे येणाऱ्यांत जे जुने लॉग घेऊन येतात, त्यांचं निदान अर्ध्या वेळात होतं.

प्लगही खूप काही सांगतात. ट्यून केलेल्या गाडीत ते कंपनीच्या निम्म्या अंतराला बदला आणि काढलेले प्लग फेकू नका, सिलिंडरच्या क्रमानं मांडून पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकचकीत रुपेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवसापासून स्टॉक मॅपवर या आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा.

१८. सेकंड हँड पोलो जीटी घेतोय. आधी ट्यून केली होती का हे कसं ओळखायचं?

मालक सहसा सांगत नाही, आणि फाइल स्टॉक केलेली असते. तरीही खुणा राहतात. डाउनपाइपचे नट-बोल्ट उघडल्याच्या खुणा, गंजलेल्या पाइपांत एकच नवा क्लॅम्प, एअरबॉक्सचे नवे स्क्रू, मूळ रेंजपेक्षा वेगळे प्लग, कंपनीच्या सर्व्हिस नोंदींत मध्येच दीड-दोन वर्षांचा खंड. ईसीयूचा कॅलिब्रेशन क्रमांक वाचून तो त्या गाडीच्या मूळ क्रमांकाशी जुळतो का ते ट्यूनर किंवा चांगला स्कॅनरवाला सांगू शकतो.

ट्यून केली होती एवढ्यावर गाडी सोडू नका. मालकानं स्वतःहून सांगितलं, ऑइलची बिलं आणि लॉग दाखवले, तर ती गाडी गप्प बसलेल्या मालकाच्या गाडीपेक्षा बरी. सौदा करण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ती) टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. विकणारा टेस्ट करू देत नसेल तर खारघरला आणखी दहा पोलो उभ्या आहेत.

१९. गाडी आता स्टॉकवर आणली तर झालेलं नुकसान भरून निघेल का?

झालेली झीज परत येत नाही, पण पुढची थांबते. पिस्टनची कड तडकलेली असेल तर स्टॉक मॅपवरही ती एक दिवस सुटेल. क्लच जेवढा घासला तेवढा घासला. मात्र कॉम्प्रेशन नीट असेल, लॉग स्वच्छ असेल आणि ऑइल कमी होत नसेल, तर स्टॉकवर आणलेली गाडी तिच्या वयाच्या इतर गाड्यांसारखीच चालते.

स्टॉकवर आणताना मूळ फाइल तुमच्याच ईसीयूतून काढलेली असावी. दुसऱ्या गाडीची 'तशीच' फाइल टाकली की इमोबिलायझर, गिअरबॉक्स आणि एसीच्या तक्रारी सुरू होतात. म्हणून ट्यूनिंगच्या दिवशीच तुमच्या मूळ फाइलची प्रत मागून घ्या आणि आरसीच्या स्कॅनबरोबर ठेवा. डीएसजी असेल तर गिअरबॉक्सच्या टीसीयूचीही (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) मूळ फाइल घ्या, कारण इंजिन स्टॉक आणि गिअरबॉक्स ट्यून अशा जोडीत क्लचचा दाब आणि टॉर्क यांचा मेळ बसत नाही आणि शिफ्टला झटके येतात.